शाहिराचं नाव शाहिराला : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे





विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात तथागतांचं चरित्र येतं, बाबासाहेबांचं येतं, फुल्यांचं आणि सावित्रीमाईंचं येतं. ते आलंच पाहिजे. यंदा आम्ही ठरवलं की एका शाहिराचं चरित्र लिहायचं. काहून? तर आपल्या नरखेड तालुक्यात, मोवाड असो, जलालखेडा असो की सावरगाव असो, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला माणसं गाण्याने जमतात. भाषण मागून येतं. गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण ते लिहिलं कोणी, असं विचारलं तर दहातले नऊ लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. गाणाऱ्याचं नाव माहीत असतं, पेटीवाल्याचं माहीत असतं. लिहिणाऱ्याचं नाव मात्र हरवलेलं असतं.

म्हणून अण्णा भाऊ साठे. त्यांच्या आयुष्यात हाच प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा आहे. कला कोणाची? जो लिहितो त्याची, जो गातो त्याची, की ज्यांच्या दुःखातून ती निघाली त्या समाजाची?

काही जण विचारतील, अण्णा भाऊ तर लाल बावट्याचे, त्यांचं चरित्र बुद्धविहाराच्या पुस्तकात कसं? त्याचं उत्तर पुढे येईलच.

वाटेगाव ते मुंबई

अण्णा भाऊंचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. आईचं नाव वालूबाई. जात मांग. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्यात ज्या जमाती घातल्या, त्यांच्या लेकरांच्या कपाळी जन्मताच चोर असा शिक्का बसला. गावात कुठं काही चोरीला गेलं की पहिली धाड मांगवाड्यावर. हजेरी द्यायची, पाटलाला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. अशा वाड्यात हे पोर वाढलं.

शाळेत ते दीड दिवस गेले असं सगळीकडे सांगितलं जातं. मास्तराच्या माराने शाळा सुटली ती कायमची. पण गावाने दुसरी शाळा दिली होती. जत्रेत तमाशा, मांगवाड्यात हलगी, म्हाताऱ्यांच्या तोंडी बंडखोरांच्या कहाण्या. दांडपट्टा फिरवणं, पाखरं ओळखणं, डोंगरदऱ्या हिंडणं, हा त्यांचा अभ्यासक्रम.

वडील मुंबईला साहेबांच्या बागेत माळीकाम करत. १९३१ च्या सुमाराला सगळं घर मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसा नव्हता, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करत, पोट भरत, ही माणसं भायखळ्याला पोचली. पुढे या पोराने मुंबईत काय नाही केलं? हमाली केली, ओझी वाहिली, कापडाच्या गिरणीत राबला. आम्ही गिरणीतली माणसं आहोत, आम्हाला ते समजतं. पाळी संपल्यावर कानात साच्याचा आवाज घरापर्यंत येतो. त्या आवाजातून ज्याला गाणं ऐकू आलं तो माणूस साधा नव्हता.

अक्षर ते मुंबईच्या रस्त्यावर शिकले. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, भिंतीवरच्या जाहिराती. एक एक अक्षर जोडत वाचायला लागले. ज्याच्या बापजाद्याला पाटीला हात लावू दिला नाही, त्याने दुकानाच्या पाटीवरूनच विद्या उचलली. असा माणूस पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहितो, कथा लिहितो, पोवाडे, लावण्या, वगनाट्यं, प्रवासवर्णन लिहितो. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन कपाटातली पुस्तकं मोजावी.

तमाशाचा साचा तोच, माल नवा

मधल्या काळात ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. ढोलकी, तुणतुणं, हलगी, सगळं हाताखालून गेलं. सोंगं काढली, पाठांतर केलं. तमाशात लिहून दिलेली संहिता क्वचितच असते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, बोलणं जागेवर जमतं. सोंगाड्या समोरच्या गर्दीकडे पाहून बोलतो. आपल्याकडच्या खडी गंमतीत ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, नाच्या तिला वळण देतो, आणि सकाळी कोणालाच सांगता येत नाही की कोणता विनोद कोणाचा होता. कलाकृती सगळ्या फडाची असते.

पण ही कला ज्यांची, ते लोक कोण होते? मांग, महार, कोल्हाटी. गाणं आवडायचं, गाणाऱ्याचा स्पर्श चालायचा नाही. नाचणारी बाई पाहायला गाव लोटायचं आणि सकाळी तिला विहिरीवर येऊ द्यायचं नाही. पुढे अण्णा भाऊंनी 'वैजयंता' ही कादंबरी लिहिली ती याच बायांच्या जगण्यावर. तमाशातल्या बाईला तिच्या गळ्याची आणि मेहनतीची किंमत आहे, ती माणूस आहे, हे त्यांनी तिथे मांडलं. कलावंताची इज्जत हा त्यांच्या लिखाणाचा विषय पुस्तकातून आला नाही, फडातून आला.

मुंबईला परत आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत लागली. कॅम्पात डासांचा फार त्रास, म्हणून पहिलं गाणं त्यांनी डासांवरच केलं असं सांगतात. हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण विचार करा. देवाची स्तुती नाही, राजाची नाही. जे रात्रभर झोपू देत नाही त्यावर गाणं. तिथूनच त्यांची दिशा कळते.

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राड शहराची लढाई १९४२ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. अण्णा भाऊंनी तिच्यावर पोवाडा रचला. पोवाडा हा आपल्याकडचा जुना प्रकार. अफझलखानाच्या वधावर अग्निदासाने रचलेला शिवकाळातला पोवाडा प्रसिद्ध आहे. तोच बाज, तोच डफ, आणि आत रशियाच्या कामगार-सैनिकांची लढाई! साचा जुना, सूत नवं. मुंबईच्या चाळीतला कामगार कधी न पाहिलेल्या शहरासाठी छाती फुगवून ऐकू लागला.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मांग, एक मुसलमान, एक सवर्ण. गिरणगावात, खेड्यात, शेतकऱ्यांच्या परिषदेत हे पथक हिंडलं. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही वगनाट्यं लोकांनी डोक्यावर घेतली.

तमाशाची चाल अशी, की आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गौळणींची छेडछाड. मग बतावणी आणि वग. अण्णा भाऊंनी गणपतीचं स्तवन काढून टाकलं. त्या जागी भूमीला, कष्टकऱ्यांना, लढून मेलेल्यांना वंदन आलं. कृष्णाची गवळण गेली. बाईची टवाळी गेली. ही लहानसहान गोष्ट नाही. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्यांना तिचं मोल लगेच कळेल. अण्णा भाऊंनी धर्मांतर केलं नव्हतं, तरी रंगमंचावरून देव उतरवून माणूस चढवला तो त्यांनी, आणि तोसुद्धा १९५६ च्या आधी.

असंच मुंबईच्या लावणीचं. त्यांच्या आधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटावर लावणी केली होती. अण्णा भाऊंनी त्याच मुंबईवर लावणी केली, पण तिच्यात मलबार हिलच्या इंद्रपुरीशेजारी कामगारांच्या वस्त्यांचा नरक दाखवला. आता कोणी म्हणेल, ही तर जुन्या लावणीची नक्कल. आम्ही म्हणतो, नक्कल आणि निर्मिती यातला फरक इथेच शिकावा. चाल, बाज, ठेका हे सगळ्यांच्या मालकीचं असतं, जशी नदी. त्यात आपली नजर जो घालतो तो कर्ता.

स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, लाल बावटा कलापथकालाही रोखलं. तेव्हा तमाशाऐवजी लोकनाट्य असं नाव लावून तोच खेळ लोकांपुढे आला. नाव बदललं, काम थांबलं नाही.

गाणं एकाचं, गळा दुसऱ्याचा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची एक छक्कड फार गाजली. मुंबईला पोटासाठी आलेला नवरा गावी राहिलेल्या आपल्या मैनेची आठवण काढतो. पुढे तीच ताटातूट महाराष्ट्राची होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव मागे राहतात आणि विरहाचं गाणं लढ्याचं होतं. नवरा-बायकोच्या दुःखातून नकाशाचं दुःख सांगायचं, हे सुचणं म्हणजे प्रतिभा.

ही छक्कड अमर शेखांनी आपल्या पहाडी आवाजात गायली. शिवाजी पार्कवर लाखाची गर्दी ती ऐकायची. आता सांगा, ते गाणं कोणाचं? अमर शेख नसते तर ते इतकं दूर गेलं नसतं. पण अण्णा भाऊ नसते तर अमर शेखांना गायला ते मिळालंच नसतं. आम्हाला वाटतं, दोघांचा हक्क दोन प्रकारचा आहे. एकाने घडवलं, एकाने पोचवलं. पोचवणाऱ्याला टाळ्या लगेच मिळतात. घडवणाऱ्याचं नाव मुद्दाम सांगावं लागतं. आणि हे दोघे मित्र होते, एकाच पथकातले होते, एकाच वर्षी गेले. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ, आणि दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात.

फकिरा : वाड्याची आठवण, लेखकाची लेखणी

'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. फकिरा हा खरा माणूस, वाटेगावचा मांग, अण्णा भाऊंच्या घराण्याच्या आठवणीतला. दुष्काळात माणसं भुकेने मरू लागली तेव्हा त्याने इंग्रजांचा खजिना लुटला, धान्य लुटून वाड्याला जगवलं. शेवटी आपली माणसं डांबली म्हणून तो हजर झाला आणि फासावर गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर. वाड्याच्या तोंडी तो वीर. ही कहाणी शेकड्यांनी माणसांनी सांगितली होती, पण कोणी लिहिली नव्हती.

अण्णा भाऊंनी ती लिहिली. मग ती त्यांची की वाड्याची? दोघांची. वाड्याने आठवण जपली, अण्णा भाऊंनी तिला आकार दिला, माणसं उभी केली, रात्री रंगवल्या, घोड्याच्या टापा ऐकवल्या. वि. स. खांडेकरांसारख्या मोठ्या लेखकाने तिला प्रस्तावना लिहिली. १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आणि ती त्यांनी अर्पण केली कोणाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. लाल बावट्याच्या शाहिराने आपलं सगळ्यात मोठं पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीपाशी ठेवलं. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांचं जमत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही अण्णा भाऊंनी हे केलं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी बाबासाहेबांच्या शिकवणीवर गीत रचलं, तेही आज गावोगावच्या विहारांत गायलं जातं. आधी विचारलेल्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे आहे.

त्याच्या आधी, २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं. उद्घाटक अण्णा भाऊ. त्यांच्या भाषणाचा सारांश असा, की हे जग कष्टकऱ्याच्या हातांवर चाललेलं आहे, आणि त्या माणसाशी जो लेखक इमान राखेल त्याचंच लेखन टिकेल. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने साहित्याची कसोटी सांगितली, आणि पुढच्या पिढीने ती उचलली.

नाव मिळालं, दाम नाही

१९६१ ला ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. त्यांचं लेखन रशियन भाषेत गेलं होतं. 'वैजयंता'वर १९६१ साली चित्रपट आला. 'फकिरा'वर आला. 'डोंगरची मैना', 'वारणेचा वाघ' पडद्यावर आले. 'आवडी' या कादंबरीवरून 'टिळा लावते मी रक्ताचा' निघाला. थेटरं भरली. लिहिणारा मात्र घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. मोठमोठी माणसं त्या झोपडीत वाकून शिरत. शेवटी शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळालं. पण प्रकृती ढासळली होती, माणसं पांगली होती, हाती पैसा नव्हता. ४९ वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा ते गेले.

आम्ही गिरणीत पाहतो, कापसाच्या गाठीपासून कापडाच्या ताग्यापर्यंत किती हात लागतात. पिंजणारा, कार्डिंगवाला, रिंगवर धागा जोडणारी बाई, विणणारा. शेवटी ताग्यावर शिक्का एकट्या मालकाचा. पुस्तकाचं आणि सिनेमाचंही तसंच झालं तर लिहिणारा मजूरच राहतो, फरक इतकाच की त्याच्या मजुरीला हजेरीपट नसतो.

मरणानंतर मान आला. २००२ ला टपाल तिकीट निघालं. २०२० ला जन्मशताब्दी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. वाटेगावहून पायी निघालेलं पोर कुठवर गेलं पाहा! आनंद आहे. पण पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी त्यांचं एक तरी पुस्तक वाचलेलं असावं, एवढंच मागणं.

आपण काय करायचं

आपल्या परंपरेत कर्त्याचं नाव गाण्यातच गुंफायची रीत आहे. संत चोखामेळ्यांना देवळात शिरू दिलं नाही, पण अभंगाच्या शेवटच्या चरणात त्यांचं नाव आहे, ते कोणाला खोडता आलं नाही. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या माणसाने उतरून घेतले असं सांगतात. लिहिणारा हात दुसऱ्याचा, पण नाव चोख्याचं राहिलं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हेही गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालत. ते कडवं गाळून गाणं संपवणारे गायक आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. वेळ नसेल तर मधलं कडवं गाळा बाप्पा, शेवटचं गाळू नका!

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वतःचा छापखाना आणि वर्तमानपत्रं काढली. दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं नाव छापलं जाईलच याची खात्री नसते, हे त्या माणसाला तेव्हाच उमगलं होतं.

कायदाही कर्त्याच्या बाजूने आहे, हे आपल्या पोरांना माहीत असावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे किंवा त्याने ज्याला दिला त्याच्याकडे राहतो. म्हणजे अण्णा भाऊंच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. हक्क विकला तरी आपल्या कृतीला आपलं नाव असावं, हा लेखकाचा अधिकार कायदा वेगळा मानतो. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतालाही त्याच्या सादरीकरणाचा हक्क मिळाला. आणि २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकारालाही, थेटरातल्या खेळाखेरीज गाणं इतरत्र वापरलं तर, मानधनाचा वाटा मिळायची सोय झाली. अण्णा भाऊंच्या वेळी हे असतं तर चिरागनगरची झोपडी कदाचित वेगळी दिसली असती.

म्हणून आमची विहाराच्या गायन मंडळाला आणि महिला मंडळाला विनंती आहे. गाण्याच्या वहीत प्रत्येक गाण्याखाली कवीचं नाव लिहा. माहीत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या आठवणीत नावं अजून जिवंत आहेत. कार्यक्रमात गाण्याआधी नाव घ्या, त्याला पाच सेकंद लागतात. आपल्याच वस्तीतल्या पोराने किंवा सुनेने नवं गाणं केलं असेल तर तिचं नाव माईकवरून सांगा. वर्षावासात ग्रंथवाचन चालतं, त्याला जोडून एका संध्याकाळी 'फकिरा'ची चार पानं वाचा. १ ऑगस्टला मातंग बांधवांच्या वस्तीत जयंती असते, तिथे आपणही जाऊ या, त्यांना विहारात बोलवू या.

ज्या समाजाला हजारो वर्षं लिहू दिलं नाही, त्याच्या माणसाने लिहिलेल्या ओळीखाली त्याचं नाव असणं हा शोभेचा विषय नाही. तो हक्काचा विषय आहे. अण्णा भाऊंनी वाड्याकडून घेतलं ते वाड्याला परत दिलं. त्यांचं देणं आपण निदान त्यांचं नाव घेऊन फेडू.

नमो बुद्धाय! जय भीम! जय लहुजी! जय अण्णा भाऊ!